मेडिकलवाल्या आईचा एक दिवस

पहाटे सव्वापाच

सकाळची शाळा असलेल्या घरात दिवस डब्यापासून सुरू होतो. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा. लेक तिसरीत आहे. तिचा डबा स्टीलचा, दोन कप्प्यांचा, बाजूला एकच खटका असलेला. घ्यायला गेलो तेव्हा दुकानातच तिला तो पुन्हा पुन्हा उघडायला आणि लावायला सांगितला होता. चार बाजूंनी घट्ट बसणारे, हवाबंद म्हणवणारे डबे दिसायला छान असतात, पण सात-आठ वर्षांच्या बोटांना ते उघडत नाहीत. मग मूल मधल्या सुट्टीत बाईंच्या मागे फिरतं किंवा डबा तसाच घरी आणतं. झाकणातली रबरी रिंगही पाहून घ्यावी. ती निघत नसेल तर तिच्याखाली ओल राहते आणि पावसाळ्यात तिथे हमखास काळी बुरशी धरते.

पाण्याच्या बाटलीचा हिशेब वेगळा आहे, तो वजनाचा. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. तिसरी ते पाचवीसाठी ते साधारण १.७ ते २.५ किलो धरलं आहे. आता एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो. त्यात गरम-गार ठेवणारी जाड दुहेरी स्टीलची बाटली घेतली की वह्या-पुस्तकांआधीच निम्मं वजन खांद्यावर चढतं. म्हणून आमच्याकडे अर्ध्या लिटरची, एकेरी पत्र्याची, रुंद तोंडाची बाटली आहे. शाळेत फिल्टर आहे, संपलं की ती भरून घेते. रुंद तोंडाचा फायदा असा की हात घालून आतून घासता येते. नळीवाल्या बाटलीची नळी आतून साफ होत नाही, आणि ज्या घरात दोन्ही मोठी माणसं कामावर जातात तिथे बारीक ब्रश घेऊन रोज नळी घासत बसायला कुणाला वेळ नसतो.

साडेसहा

हे पहिल्या पाळीला अंबडला गेले. लेकीची तयारी ती स्वतः करते आणि त्याचं बरंचसं श्रेय दोन स्वस्त वस्तूंना आहे. एक मोरीतल्या बेसिनपुढचा बुटका पाट, दुसरी दाराशेजारी तिच्या खांद्याच्या उंचीवर ठोकलेली खुंट्यांची पट्टी. रेनकोट, दप्तर, ओळखपत्र, सगळं तिथे. पट्टी ठोकण्याआधी रोज सकाळी “आई, माझा रेनकोट कुठंय?” हा धोशा असायचा. आता ती शोधतही नाही, विचारतही नाही.

रेनकोट पिवळा आहे, पाठीमागे दप्तरासाठी फुगा असलेला, दंडावर चमकणारी पट्टी. पावसात सकाळी सात वाजता ट्रकवाल्याला गडद निळा रेनकोट दिसत नाही, पिवळा दिसतो. रंग निवडताना मी एवढीच गोष्ट पाहिली.

स्कूटरवर तिचं हेल्मेट असतंच. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्यानेच बंधनकारक आहे, तरी शाळेच्या गेटवर हेल्मेट घातलेलं मूल अजून विरळाच. हेल्मेट पुढून भुवयांच्या वर दोन बोटं बसावं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जावं, आणि पट्टा लावून मान हलवली तर ते डोक्यावर फिरू नये. मोठं होईल तेव्हाही चालेल म्हणून दोन मापं मोठं घेतलेलं हेल्मेट पडताना मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. गणवेश वाढत्या मापाचा घ्यावा, हेल्मेट आजच्या मापाचं.

आठ ते साडेनऊ

धाकटा चौदा महिन्यांचा. उठला की त्याला पहिल्यांदा लागतो पांगुळगाडा. सासूबाईंनी तो सावंतवाडीहून मागवला आहे. तिथल्या चितार आळीत लाकडी खेळण्यांचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. तीन चाकं, उभा दांडा, बाकी काही नाही. मूल दांडा धरून उभं राहतं आणि पाऊल टाकलं तरच गाडा पुढे जातो. पाय थांबले की गाडा थांबतो. फरशीवर चाकं घसरत होती, म्हणून सासूबाईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चाकांवर चढवल्या. आता तो अगदी बेताने पळतो.

याउलट बसायच्या जागेचा गोल वॉकर. माझ्याकडे दुकानात त्याची चौकशी करणारे खूप येतात. त्यात मूल अधांतरी लटकतं, बोटांच्या टोकांनी जमीन ढकलतं आणि स्वतःच्या पायांनी कधीच गाठलं नसतं अशा वेगाने गॅसच्या ओट्यापाशी, जिन्यापाशी पोहोचतं. तोल सांभाळायचं शिक्षण त्यातून होत नाही, उलट चालणं लांबतं, असं बालरोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्याकडे तो अजून पहिल्या वाढदिवसाला भेट म्हणून येतो. मला त्याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

न्याहारीला नाचणीचं सत्त्व, तूप घालून. वाटी आणि लहान चमचा त्याच्याच हातात. निम्मं अंगावर जातं, पण खाली जुनं बेडशीट अंथरलेलं असतं आणि तो स्वतः जेवतो आहे याचं सासूबाईंना माझ्याइतकंच समाधान. साडेनऊला मी निघते.

दहा

मी फार्मासिस्ट आहे. सातपूरकडच्या एका मेडिकलमध्ये नोकरी करते. गिऱ्हाईक बहुतेक कारखान्यातलं आणि आसपासच्या वस्तीतलं. औषधांइतकंच लहान मुलांचं सामान खपतं: डायपर, वाइप्स, पावडर, दात येताना चावायची खेळणी, बाटल्या. काउंटरवर उभं राहून मुलांच्या वस्तूंविषयी माझं एक मत तयार झालं आहे. काही वस्तू मुलाला गप्प बसवण्यासाठी केलेल्या असतात, काही मुलाला काहीतरी करू देण्यासाठी. आणि काही अगदी साध्या वस्तू अशा असतात की त्या दमलेल्या आईबापांच्या हातून चूक होऊ देत नाहीत. पहिल्या जातीच्या वस्तूंची वेष्टनं सगळ्यांत रंगीत असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या वस्तू मला शोधून, समजावून द्याव्या लागतात.

आज पहिलंच गिऱ्हाईक एक तरुण बाप. “ताई, दुधाची बाटली द्या, चांगल्यातली.” बाळ चार महिन्यांचं. बायकोची रजा संपत आली आहे, सव्वीस आठवड्यांची नाही, तिच्या मालकाने तेवढी दिलीच नाही. २०१७ पासून कायद्यात सव्वीस आठवडे आहेत, पण छोट्या वर्कशॉपमधल्या बाईपर्यंत ते नेहमी पोहोचत नाहीत.

मी त्याला हाताने चालवायचा साधा ब्रेस्ट पंप दाखवला आणि विचारलं, “घरी बोंडलं आहे का?” तो हसला, “आजीकडं आहे, चांदीचं.” मग तेच काढा म्हटलं. चोच असलेली ती छोटीशी वाटी. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, चोच खालच्या ओठाला टेकवायची आणि दूध ओतायचं नाही, फक्त ओठाशी आणायचं. बाळ जिभेने स्वतः ओढून घेतं. उकळत्या पाण्यात टाकलं की बोंडलं स्वच्छ होतं. बाटलीच्या बुचाच्या आट्यांत आणि निपलच्या टोकाशी दूध साचतं, आणि जुलाबाची सुरुवात पावसाळ्यात बऱ्याचदा तिथूनच होते. काढलेलं दूध झाकलेल्या स्टीलच्या वाटीत खोलीत चारेक तास, फ्रीजमध्ये एक दिवस राहतं. गॅसवर उकळायचं नाही, कोमट पाण्यात वाटी धरायची. तो सगळं मोबाईलमध्ये लिहून घेत होता.

१९९२ चा एक कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यानुसार बाळाच्या पावडरच्या दुधाची, दूधबाटल्यांची आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद आहाराची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, सवलतीचं आमिष दाखवता येत नाही. आईचं दूध येतच नसेल तर पावडरचं दूध डॉक्टर सांगतील तसं द्यावंच लागतं, त्यात आईला कमीपणा वाटायचं कारण नाही. पण ज्या बाईला दूध आहे आणि फक्त वेळ नाही, तिला पंप आणि बोंडलं ही जोडी पुरते.

साडेअकरा

तापाचे दिवस. एक बाई रिकामी बाटली घेऊन आल्या, “हेच द्या.” पाहिलं तर पॅरासिटामॉल, पण यावेळच्या चिठ्ठीवर दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरी ताकद लिहिली होती. इथे मी घाई करत नाही, मागे रांग लागली तरी.

लहान मुलांचं पॅरासिटामॉल तीन ताकदींत सर्रास मिळतं: पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम, पाच मिलिलिटरला २५०, आणि तान्ह्या बाळांचे थेंब, ज्यात एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात. डोस वयावर नव्हे, वजनावर ठरतो. डॉक्टरांनी दहा किलोच्या बाळाला दीडशे मिलिग्रॅम सांगितलं तर पहिल्या बाटलीतून ते सहा मिलिलिटर होतं, दुसरीतून तीन, थेंबांच्या बाटलीतून दीड. औषध एकच, ताप एकच, पण “मागच्या वेळेसारखं एक चमचा” म्हटलं की दुप्पट तरी जातं किंवा निम्मं तरी. घरातले चमचेही एका मापाचे नसतात. चहाचा, पोह्यांचा, श्रीखंडाचा, प्रत्येकात वेगळं मावतं.

माझ्या दुकानातली सगळ्यांत उपयोगी वस्तू कोणती असं कुणी विचारलं तर मी ती सांगेन, जी दहा-वीस रुपयांना मिळते: औषध पाजायची, बिनसुईची, पाच मिलिलिटरची प्लास्टिक सिरिंज. मी त्या बाईंना पाणी भरून दाखवलं. टोक बाटलीत बुडवायचं, दट्ट्या मागे ओढायचा, सिरिंज उभी धरून टिचकी मारायची म्हणजे हवेचा बुडबुडा वर येतो, तो बाहेर ढकलायचा. मग काळ्या रबराची वरची कड तीनच्या रेघेशी आणायची. तीनच्या रेघेवर मी मार्करने खूण करून दिली. पाजताना टोक घशाकडे रोखायचं नाही, गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं आणि थोडं थोडं ढकलायचं, मूल गिळेल तसं. मूल रडत असताना ढकलायचंच नाही. धुऊन ठेवायची, आणि ती त्याच मुलाची.

“आमच्या सासूबाई चमच्यानंच देतात,” त्या म्हणाल्या. मग सासूबाईंना खूण दाखवा, म्हटलं. रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, दिव्याच्या मंद उजेडात कुणीही द्यायला उठलं तरी रेघ तीच असते. काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर त्यांच्याकडे होता. कपाळासमोर धरायच्या पिस्तुलासारख्या यंत्राने घामेजल्या कपाळावर आकडा हलतो, म्हणून मी ते सुचवत नाही.

दुपारी दोन

जेवणाच्या डब्यावर एक हात ठेवूनच मी ओआरएस विकत असते, कारण जुलाबाचा पेशंट जेवणाची वेळ पाहून येत नाही. पाकिटात असतं अगदी थोडं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराईड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेलं हे माप एक लिटर पाण्यासाठी आहे. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. म्हणून प्रमाण बिघडलं की उपयोगही बिघडतो. अर्धं पाकीट पेल्यात टाकून देणारी माणसं प्रेमानेच देतात, पण ते खारट पाणी बाळाला त्रास देतं. मी एकच सांगते: लिटरची बाटली घ्या, पूर्ण भरा, अख्खं पाकीट घाला, चोवीस तासांनी उरलेलं फेका.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांतून द्यायला सुरुवात केली. ते पाजण्याचं काम नातेवाईकांच्या हाती सोपवलं आणि मृत्यूंचं प्रमाण फार खाली आणलं. शिकलेल्या-न शिकलेल्या कुणाही आईच्या हातात देता येईल असं औषध त्यांनी सिद्ध केलं. म्हणूनच गोड सरबताच्या खोक्यावर तेच तीन अक्षरांचं नाव छापलेलं पाहून मला इतकी वर्षं चीड यायची. त्यात साखर भरमसाट असते आणि साखरेने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. लढा एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी दिला होता. तरीही मी गिऱ्हाइकाला पाकिटावरचं सूत्र वाचून दाखवते. सोबत चौदा दिवसांचा झिंकचा कोर्स. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी तो पूर्ण करायचा.

चार

घरी फोन. हे पाळीवरून परतले आहेत, धाकटा झोळीत झोपला आहे. “मच्छरदाणी लावली का हो?” हे मी रोज विचारते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे पावसाळ्यात छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी रात्रीइतकीच दुपारच्या झोपेला लागते. आता झोळीवर कशी बसेल? बसत नाही. म्हणून ती खाली गोधडीवर झोपवून लावतात. झोळी फक्त डोळा लागेपर्यंत.

साडेसात

घरी आले तर दिवाणखान्यात भातुकली मांडलेली, आणि धाकट्याने त्यातली पळी पळवलेली. त्याच्या टोपलीत विकत आणलेलं खेळणं फार थोडं आहे. एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या वाट्या, झाकणाचे डबे, लाकडी लाटणं, कापडाचा चेंडू. वाट्यांवर तो अर्धा-पाऊण तास घालवतो.

विकतची खेळणी घेताना मी दोन गोष्टी पाहते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते हवं. आणि बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद हवं, नखाने उघडणारं नको. चपटी बटण बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर ओल्या जागी तिचा प्रवाह सुरू होतो आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. मुलाला दुखतंय हे बाहेरून कळत नाही, सर्दी-खोकल्यासारखंच वाटतं. जत्रेतला लुकलुकणारा भोवरा, गाणारं शुभेच्छापत्र, रिमोट, वजनकाटा, सगळ्यांत त्या असतात. आमच्या घरात रिमोटच्या झाकणावर चिकटपट्टी आहे. गिळली असा नुसता संशय आला तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. हे मी काउंटरवर इतक्यांदा सांगते की शेजारचा किराणावालाही आता तेच सांगतो.

जेवताना मोबाईल नाही. २०१९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत दोन वर्षांखाली पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या आत असं आहे. चौदा महिन्यांच्या मुलाला पडद्यापेक्षा वरण-भातात बोटं घालण्यात जास्त रस असतो, फक्त तो रस पुसायची आपली तयारी हवी.

साडेनऊ

दोऱ्या घरात बांधलेल्या आहेत, पंख्याखाली घडीचा स्टँड. दिवसा सुती लंगोट, रात्री एक डायपर. पावसाळ्यात हे गणित आम्हाला जमलं आहे. दिवसभर डायपर ठेवला की जांघेत लाल होतं, आणि रात्रभर लंगोट ठेवला तर घरातलं कुणीच झोपत नाही.

वन्संचा फोन आला. त्यांना भाच्यासाठी काहीतरी मोठं घ्यायचं आहे, बॅटरीवर चालणारी, मुलाने आत बसायची गाडी डोक्यात होती. मी स्पष्टच सांगितलं, “वन्सं, खरंच द्यायचं असेल तर त्याच्या मापाचं हेल्मेट आणि स्कूटरचा पट्टा द्या.” पुढच्या महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तेवढे दिवस त्याला पाळणाघरात सोडावं लागेल, म्हणजे आतापर्यंत रिक्षाने फिरणारा हा मुलगा आता रोज स्कूटरवर बसणार. २०२२ च्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा पट्टा हवा, तीस किलोपर्यंत वजन पेलणारा, खांद्यावरून येणारा. डोक्यावर बसेल असं हेल्मेट हवं, सायकलचं चांगलं हेल्मेटही चालतं. आणि गाडीचा वेग ताशी चाळीसच्या आत.

“एवढुशा डोक्याला मिळतं का?”

मिळतं, पण माप लागतं. भुवयांच्या वरून आणि मागच्या फुगवट्यावरून टेप फिरवून सेंटिमीटरमध्ये. वन्सं म्हणाल्या, “मग सकाळी मोजून पाठवा, शनिवारी मी मेन रोडला जाणारच आहे. आणि पट्टा किती जाड लागतो, तेही लिहा.”